सापळ्यात झुरळ का सापडत नाही?

प्रश्न : आम्ही इंदिरानगरला तळमजल्यावर राहतो. घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि रांगणारी मुलगी. झुरळांनी जीव नकोसा केलाय. दिवाळीनंतर चिकट सापळ्यांचं पाकीट आणलं. एक सापळा जेवणाच्या टेबलाखाली मधोमध, एक शेगडीच्या बाजूला आणि एक मोरीत उघडाच ठेवला. जानेवारीत एकही सापडलं नाही, वाटलं सुटलो. एप्रिलपासून रात्री दिवा लावला की ओट्यावर पळापळ, आणि सापळे मात्र रिकामे. मोरीतल्या सापळ्याला पाल चिकटली. आता पाऊस सुरू झाल्यापासून मोठी तांबडी झुरळं मोरीतून वर येतात. फोनवर बघून बरणीचा सापळा केला. त्यात पाव आणि बिअर घालायची होती, सासूबाईंनी बिअर घरात येऊ दिली नाही, म्हणून केळं आणि साखर घातली. सकाळी केळं कुरतडलेलं, बरणीत झुरळ एकही नाही! हे दर शनिवारी रात्री स्प्रे मारतात. सासूबाई सिंकच्या जाळीत डांबराची गोळी टाकतात आणि म्हणतात, सापळ्याच्या वासानं शेजारची झुरळंसुद्धा आपल्याकडे येतात. खरं कोणाचं? गणपतीला पाहुणे आहेत, तोवर सुटका होईल का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, बिअरचं पुढे बोलू. आधी सासूबाईंचा आरोप निकालात काढू, कारण तो बऱ्याच घरांत ऐकू येतो. चिकट सापळ्यातल्या आमिषाच्या गोळीचा वास फार लांब जात नाही. शेजारच्या फ्लॅटमधून झुरळ बोलावून आणण्याइतका तो जोरकस असता, तर तुमच्या ओट्याखालची झुरळं केव्हाच सापळ्यात बसली असती. शेजारून येणारी झुरळं पाइपांच्या डक्टमधून येतात, आणि बऱ्याचदा कोणीतरी स्प्रे मारला म्हणून येतात. घरगुती स्प्रेमध्ये बहुधा पायरेथ्रॉइड गटातलं औषध असतं. ज्याच्या अंगावर थेट पडतं ते झुरळ मरतं, बाकीची त्या जागेपासून दूर पळतात आणि आणखी खोल फटीत जाऊन बसतात. सापळा ज्या फटीच्या तोंडाशी आहे तिथेच शनिवारी फवारा बसला की झुरळ ती वाट सोडून देतं, आणि सापळ्यावर औषध उडालं असेल तर त्याच्या आसपास फिरकत नाही. शनिवारचा कार्यक्रम बंद करायला सांगा. यजमानांना हौसच असेल तर त्यांना दुसरं काम देते, पुढे येईल.

डांबराची गोळी मात्र आजच्या आज काढा. झुरळावर तिचा म्हणावा तसा परिणाम होत नाही, आणि रांगणाऱ्या मुलीच्या हाताला लागून तोंडात गेली तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटण्यापर्यंत मजल जाऊ शकते. इथे सासूबाईंची भीड ठेवू नका.

आता मूळ गोष्ट. तुमच्या घरात दोन वेगळी झुरळं आहेत आणि दोघांसाठी तुम्ही एकच सापळा लावून बसला आहात. ओट्यावर पळापळ करणारी, फिकट तपकिरी, फार तर दीड सेंटिमीटरची ती जर्मन झुरळं. डोक्यामागच्या ढालीवर दोन काळ्या समांतर रेघा असतात, टॉर्चच्या उजेडात स्पष्ट दिसतात. मोरीतून येणारी तांबूस, चार सेंटिमीटरपर्यंत वाढणारी ती अमेरिकन. यातलं जर्मन झुरळ जर्मनीचं नाही बरं का. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार ते सुमारे २,१०० वर्षांपूर्वी भारत-म्यानमारच्या पट्ट्यात आशियाई झुरळापासून वेगळं झालं आणि तेव्हापासून माणसाच्या बिऱ्हाडाबरोबर हिंडतंय. माणसाच्या इमारती सोडून ते कुठे राहत नाही. नाल्यातून किंवा बागेतून ते आलेलं नाही. ते येतं खोक्यातून, पोत्यातून, जुना घेतलेल्या फ्रिजमधून. आपल्याकडे द्राक्षांची रिकामी खोकी रद्दी भरायला म्हणून घरोघरी पोटमाळ्यावर चढतात. त्या पुठ्ठ्याच्या दोन थरांमधल्या नळ्यांत पिल्लं आरामात मावतात. तुमच्याकडे अशी किती आहेत ते बघा.

सापळा कुठे ठेवायचा हे ठरवताना झुरळाचा एक स्वभाव लक्षात ठेवावा लागतो. त्याला उघड्यावर चालायला आवडत नाही. पाठीला आणि पोटाला दोन्हीकडून काहीतरी टेकलं की ते निवांत होतं, म्हणून मोठ्या जर्मन झुरळाला साधारण ५ मिलिमीटरची फट पसंत पडते आणि पिल्लांना त्याहून अरुंद. रात्री बाहेर पडलं तरी कड सोडत नाही, मिशीनं भिंत चाचपत जातं. तुमचा टेबलाखालचा सापळा त्याच्या वाटेवर नव्हताच. सापळ्याची एक पूर्ण बाजू भिंतीला चिकटली पाहिजे, मध्ये बोटभर जागा राहिली तरी झुरळ त्या जागेतून निघून जातं. दोन भिंती मिळतात तो कोपरा मिळाला तर उत्तम.

एक काम करा. दुपारी वेळ काढून किचन ट्रॉलीचं सगळ्यात खालचं बास्केट उचलून बाहेर काढा आणि आत टॉर्च मारा. चॅनेलच्या मागे, प्लायच्या कडेनं, बिजागरीच्या खाचेत मिरपूड सांडल्यासारखे बारीक काळे ठिपके दिसतील. ती त्यांची विष्ठा. ओल्या कापसानं पुसलं तर तपकिरी डाग ओढला जातो. तिच्या वासानं बाकीची झुरळं त्याच जागी गोळा होतात, त्यामुळे ठिपके दाट असतील तिथे वस्ती आहे असं धरून चाला. सापळा ठिपक्यांच्या जवळ, कडेला लावून ठेवायचा. सगळं बघून झाल्यावर ते ठिपके साबणाच्या पाण्यानं घासून टाका, पण सापळे लावून आठवडा झाल्यावर, आधी नको. आधी पुसलंत तर वस्ती हलेल आणि शोधाशोध पुन्हा पहिल्यापासून.

जानेवारीत सापळे रिकामे राहिले ते झुरळं गेली म्हणून नव्हे. त्यांना साधारण ३० अंशांचं उबदार हवामान मानवतं. नाशिकला थंडीत रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास येतो, कधी त्याखालीही, आणि तळमजल्यावर फरशी तर हाताला बोचते. अशा वेळी ती खाणंपिणं कमी करून उबेला बसतात. घरात ऊब कुठे? फ्रिजच्या मागे कॉम्प्रेसरपाशी, वॉटर प्युरिफायरच्या ॲडाप्टरमागे, इन्व्हर्टरच्या बाजूला आणि घरघंटी असेल तर तिच्या मोटरपाशी. घरघंटीत ऊबही असते आणि पीठही, त्यामुळे तिथून हलायचं त्यांना कारणच उरत नाही. थंडीत सापळे या ठिकाणी सरकवायचे. टेबलाखालचा सापळा बघून घर स्वच्छ झाल्याचं समाधान मानलंत, तेवढ्यात आतल्या आत वस्ती टिकून राहिली.

एप्रिलपासून पळापळ का, तेही यातच आलं. उन्हाळ्यात चाळिशीला टेकणाऱ्या हवेत जर्मन झुरळ अंड्यातून निघून मोठं व्हायला दोन महिन्यांच्या आसपास पुरतात. एका मादीच्या अंड्यांच्या कुपीत ३० ते ४० अंडी. पण आपला उन्हाळा कोरडा असतो आणि झुरळाचं अंग पाणी फार धरून ठेवत नाही. अन्नाशिवाय ते महिनाभर काढेल, पाण्याशिवाय जर्मन झुरळ दोनेक आठवड्यांतच आटोपतं. म्हणून उन्हाळ्यात त्याच्या वाटा पाण्याकडे वळतात. सिंकखालचा ठिबकणारा जोड, कूलरची टाकी, आणि नाशकात घरोघरी असतो तो माठ. माठाच्या तिवईखाली कायम ओल असते, तिच्याकडे कोणाचं लक्षही जात नाही. मार्च ते मे एक सापळा तिवईच्या मागे भिंतीला लावा, पण ओलीवर नको, पुठ्ठा भिजला की संपलं. आणि रात्री झोपताना सिंक कोरड्या फडक्यानं पुसा. बाई सकाळी येते म्हणून खरकटी भांडी पाण्यात भिजत ठेवण्याची पद्धत आहे ना, तीच या सगळ्या सापळ्यांना हरवते. समोर वरण-भाताचं पाणी असताना झुरळ तुमच्या गोळीकडे कशाला जाईल?

शेगडीच्या बाजूचा सापळा वेगळ्या कारणानं वाया गेला. फोडणीची वाफ आणि तेलाचे बारीक कण चिकट थरावर बसतात. वरून पाहिलं तर चकाकी तशीच असते, बोट लावलं तर कळतं की पकड गेली आहे. पिठाचंही तसंच. कणकेच्या डब्याशेजारी ठेवलेला सापळा आठवड्याभरात पांढुरका होतो आणि पिल्लं त्यावरून चालत जातात. शेगडीपासून चार हात लांब आणि ओट्याच्या वर नाही, खाली.

सापळ्याची घडणही बघा. बाजारात सपाट उघडे पॅड मिळतात आणि घडी घालून घरासारखे बनणारे पुठ्ठ्याचे सापळे मिळतात. तुमच्या घरात फक्त दुसरे. आत अंधार असल्यामुळे झुरळ आपण होऊन शिरतं, धूळ बसत नाही, मुलीचं बोट सहज जात नाही आणि पाल सहसा अडकत नाही. पाल बिचारी तुमच्याच बाजूची, झुरळं खाणारी. पुन्हा अडकलीच तर ओढू नका, गोडं तेल थेंब थेंब सोडा, चिकटा सुटतो. दुसरं म्हणजे सापळ्याच्या दाराची उंची. बुटक्या दाराचे सापळे जर्मन झुरळाला बरे. मोठं अमेरिकन झुरळ त्यात शिरत नाही, आणि पातळ चिकटाच्या पॅडवर पाय पडला तर जोर लावून सुटतं, एखादा पाय मागे ठेवून. सापळ्यावर नुसताच तांबडा पाय दिसला तर समजा मोठं येऊन गेलं.

त्यामुळे मोरीचा विचार सापळ्यानं करूच नका. पावसात भूमिगत गटारं भरतात आणि अमेरिकन झुरळं कोरड्या जागेच्या शोधात वर येतात. गोदावरीला पूर आला की गावठाणातल्या लोकांना हा अनुभव दरवर्षी येतो, तुमच्याकडे इंदिरानगरला गोदावरी नाही पण गटारं आहेतच. मोरीच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो. त्यात साचलेलं पाणी हाच खरा अडसर. उन्हाळ्यात जी मोरी वापरात नसते तिच्या ट्रॅपमधलं पाणी उडून जातं आणि गटारापासून घरापर्यंत सरळ रस्ता मोकळा होतो. पाहुण्यांची म्हणून ठेवलेली बाथरूम असेल तर तिच्यात दर दोन-तीन दिवसांनी तांब्याभर पाणी ओता. जाळी बारीक भोकांची घ्या, पाइप भिंतीत शिरतो तिथली फट पांढऱ्या सिमेंटनं बुजवा. हेच ते यजमानांचं शनिवारचं काम.

राहिलेल्या मोठ्या झुरळांसाठी तुमची बरणी चांगली आहे, फक्त ती उलटी बनली. बाहेरून चढता आलं पाहिजे आणि आतून चढता येता कामा नये. बाहेरून चढणं आणखी सोपं व्हावं म्हणून बरणीला कागदी टेप नाहीतर सुतळी गुंडाळा. आतून काच गुळगुळीत असली तरी उपयोग नाही, कारण झुरळाच्या पायाच्या टोकाला चिकट गादी असते आणि विशेषतः जर्मन झुरळ काचेवर सहज चढतं. केळं खाऊन ती तशीच वर आली. आतल्या बाजूनं गळ्यापासून खाली तीन-चार बोटं पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या, जाड नको. हा थर उन्हाळ्यात पातळ होऊन ओघळतो, तेव्हा दर दोन दिवसांनी पुन्हा लावावा लागतो. आता पावसाळ्यात आठवडाभर टिकेल. बिअरचं काम फक्त आंबूस वासाचं असतं. पावाचा तुकडा, काळं पडलेलं केळं आणि दोन चमचे पाणी एक दिवस झाकून ठेवा, आंबेल. सासूबाईंचाही आक्षेप राहणार नाही. बरणी बाथरूमच्या कोरड्या कोपऱ्यात, मुलीच्या हाती लागणार नाही अशी. सकाळी त्यात साबणाचं कडक पाणी ओतायचं आणि झाकण लावूनच बाहेर न्यायची.

एवढं सगळं नीट केलंत तरी नुसत्या चिकट सापळ्यांनी स्वयंपाकघर रिकामं होणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. त्यात जास्त करून पिल्लं आणि नर सापडतात. अंड्यांची कुपी घेऊन बसलेली मादी फटीतून फारशी हलत नाही, आणि वस्ती वाढवते ती तीच. पाकिटावर काहीही छापलेलं असो, माझ्या मते सापळ्याचा खरा उपयोग झुरळं कुठे आहेत हे शोधण्यापुरता आहे. सहा-सात सापळे एकाच दिवशी लावा, प्रत्येकावर बॉलपेननं जागा आणि तारीख लिहा, तीन रात्री हात लावू नका. मग शेजारी शेजारी मांडून बघा. सिंकखालच्यात भरपूर आणि फ्रिजमागच्यात एखादंच, तर काम सिंकपाशी. बारकी पिल्लं जास्त असतील, काळपट आणि पाठीवर मधोमध फिकट पट्टा असलेली, तर वस्ती अगदी जवळ, कारण पिल्लं लांब जात नाहीत. बहुतेक झुरळं सापळ्याच्या एकाच बाजूनं शिरलेली दिसली तर फट त्या बाजूला शोधा. भरलेला सापळा तसाच ठेवू नका. चिकटलेल्या मादीच्या कुपीतून पिल्लं बाहेर येऊ शकतात. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून घंटागाडीत द्या.

जागा कळली की तिथे जेल लावायचं. फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिडचं जेल सिरिंजमध्ये मिळतं. मोठे ठिपके दोन-चार देण्यापेक्षा तांदळाच्या दाण्याएवढे वीस-पंचवीस, फटीच्या आत, बिजागरीमागे, जिथे पाणी, वाफ आणि मुलीचा हात पोहोचत नाही. जेल खाल्लेलं झुरळ फटीत जाऊन मरतं, त्याची विष्ठा आणि प्रेत खाणारी पिल्लंही मरतात. सापळ्यात न येणाऱ्या मादीपर्यंत औषध असंच पोहोचतं. जेलच्या आसपास स्प्रे किंवा फिनाइल गेलं की ते वाया. आठवड्यानंतर जेलचे ठिपके जसेच्या तसे दिसले तर दुसऱ्या घटकाचं जेल आणा. अमेरिकेत काही जर्मन झुरळांना ग्लुकोज कडू लागू लागल्याचं २०१३ मध्ये सिद्ध झालं आहे, ती गोड आमिषाला तोंड लावत नाहीत. तुमची केळं-साखर आवडीनं खातात, त्या बाबतीत तुम्ही सुदैवी म्हणायच्या.

सासूबाई बोरिक पावडर, कणीक आणि दुधाच्या गोळ्यांचं नाव काढतीलच. कोरडी बोरिक पावडर फटीत पातळ उडवली तर काम करते, कॅरमला लावतात तीच बहुधा, पण पावसाळी हवेत तिचे गोळे होतात आणि कणकेच्या गोळ्या वाळून खडा झाल्या की झुरळ बघतही नाही. रांगणारं मूल असताना त्या जमिनीवर ठेवायच्या नाहीत, एवढंच.

गणपतीला अजून दीडेक महिना आहे. आज जेल लावलंत तर दोन आठवड्यांत ओट्यावरची पळापळ बरीच कमी दिसेल. कुप्यांतून पुढची पिल्लं निघतात म्हणून तीन-चार आठवड्यांनी दुसरा हात द्या आणि त्याआधी पुन्हा तीन रात्री सापळे लावून मोजा. आकडा शून्यावर येईल अशी आशा पाहुण्यांच्या तारखेपर्यंत धरू नका, दिवा लावल्यावर काही पळताना दिसलं नाही तरी पुष्कळ झालं. डक्ट एक असल्यामुळे शेजारच्यांनीही त्याच आठवड्यात जेल लावलं तर तुमचं काम निम्मं होईल, बोलून बघा. आणि पोटमाळ्यावरून मखराचं आणि आराशीच्या सामानाचं खोकं काढाल ते थेट हॉलमध्ये आणू नका. गॅलरीत नेऊन उघडा, सामान एकेक झटकून आत घ्या आणि विसर्जनानंतर ते सगळं झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात भरा.